नॅशनल्सचं २०१९ चं विजेतेपद आणि नंतरची घसरण : कारण नेमकं कोणतं?

फेअरफॅक्सकर (धागाकर्ता)

३० ऑक्टोबर २०१९ ला वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाने ह्यूस्टनमध्ये सातवा सामना ६-२ असा जिंकून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी लीगची अंतिम मालिका, घेतली. त्यानंतरचे हंगाम असे: २०२० मध्ये २६ विजय, ३४ पराभव, मग ६५-९७, ५५-१०७, दोनदा ७१-९१ आणि २०२५ मध्ये ६६-९६. सहा वर्षांत एकदाही प्लेऑफ (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) नाही. "जिंकल्यावर भूक संपली" हे कारण सर्रास दिलं जातं. मला ते अजिबात मान्य नाही. माझ्या मते घसरणीची कारणं त्या विजेत्या संघातच होती.

तो लीगमधला सर्वांत वयस्कर संघ होता. अंतिम फेरीत केंड्रिक आणि सुझुकी ३६ वर्षांचे, तर शर्झर, झिमरमन आणि सांचेझ ३५ चे होते. संघ टिकवायचा तर दरवर्षी दोन-तीन खेळाडू आपल्याच मायनर लीगमधून (क्लबच्या खालच्या पातळीच्या संघांतून) वर यावे लागतात. नवा खेळाडू साधारण सहा हंगाम क्लबच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो (२०१९ मध्ये ५,५५,००० डॉलर), पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या पद्धतीने ठरतो आणि मग तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा, होतो. स्वस्तातल्या या वर्षांच्या जोरावरच महागडे तारे परवडतात.

नॅशनल्सचा हा नळ आटला होता. २००८ आणि २००९ मध्ये शंभराहून जास्त सामने हरल्यामुळे ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिला क्रमांक मिळून स्ट्रासबर्ग आणि हार्पर आले. २०१२ पासून संघ जिंकू लागला आणि क्रमांक मागे गेला. त्यातच रफाएल सोरियानो आणि शर्झर यांना घेताना २०१३ आणि २०१५ ची पहिली निवड गमावली. डिसेंबर २०१६ मध्ये ॲडम ईटनसाठी जिओलिटो, लोपेझ आणि डनिंग हे तीन तरुण पिचर (चेंडू टाकणारे) देऊन टाकले. पुढे तिसऱ्या बेसवरचा रेंडन गेल्यावर त्याच्या जागी कार्टर कीबूमला उभं केलं. २०२० मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .२०२ होती आणि होमरन शून्य. मागे दुसरा कोणी तयारच नव्हता.

गणिताचा तास

आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही मोजायला सुरुवातच चुकीच्या जागेपासून करताय. २०१९ चा संघ मुळात ९३ विजयांचा होता. त्या वर्षी ह्यूस्टनने १०७ आणि डॉजर्सनी १०६ सामने जिंकले होते.

बेसबॉलमध्ये चांगल्या संघाची जरा कमी ताकदीच्या संघाविरुद्ध एक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धरा. पाच सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता मग ५९ टक्के येते आणि सात सामन्यांची ६१. एक पाचची आणि दोन सातच्या मालिका लागोपाठ जिंकायच्या तर २२ टक्के. आधी २०१९ सारखा वाइल्ड कार्डचा (मालिकांआधीच्या बाद फेरीचा) एकच सामना असेल तर १२. पुढच्या वर्षी हेच पुन्हा जमवायचं, तेही आधी प्लेऑफ गाठून!

तो वाइल्ड कार्ड सामना आठवा. आठव्या इनिंगमध्ये मिलवॉकी ३-१ ने पुढे, समोर त्यांचा पिचर जॉश हेडर. आपल्या सोटोचा फटका राइट फील्डमध्ये गेला, तिथल्या ग्रिशमच्या हातून चेंडू निसटला आणि तीन धावा आल्या. चेंडू नीट अडवला गेला असता तर आज हा धागा निघाला नसता. विजेतेपद टिकवणं अवघड असतं, कारण मिळालेलं विजेतेपदच अर्धं नशिबाचं असतं.

डगआऊट

नशिबाने १०७ पराभव होत नाहीत. ९३ वरून ८५ वर येणं मी नशिबाला देईन, ५५ वर येणं नाही.

तुम्ही दोघेही पिचरांच्या खांद्यांकडे बघत नाही आहात. त्या वर्षी नॅशनल्सच्या बुलपेनचा (राखीव पिचरांचा) ईआरए, म्हणजे नऊ इनिंगांच्या सामन्यामागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, पाचच्या वर होता, म्हणून ऑक्टोबरमध्ये व्यवस्थापक मार्टिनेझने स्टार्टर्सनाच (एरवी सामना सुरू करणाऱ्या पिचरांनाच) मधल्या इनिंगांना जुंपलं. स्ट्रासबर्गने नियमित हंगामात २०९ इनिंग टाकल्या होत्या, प्लेऑफमध्ये आणखी ३६ आणि वर एक आउट. कॉर्बिन २०२ टाकून आला होता आणि सातव्या सामन्यात मधेच येऊन तीन इनिंग टाकून तो विजयी पिचर ठरला. एरवी सप्टेंबरअखेर थांबणारा हात महिनाभर जास्त चालतो, तोही पूर्ण ताकदीने, आणि विश्रांतीचे महिने तेवढे कमी होतात.

नंतर काय झालं ते समोर आहे. स्ट्रासबर्ग त्यानंतर फक्त आठ सामन्यांत दिसला. कॉर्बिनचा ईआरए ३.२५ वरून २०२१ मध्ये ५.८२ आणि २०२२ मध्ये ६.३१ झाला. २०२१ ते २०२३ मध्ये त्याचे पराभव अनुक्रमे १६, १९, १५.

गणिताचा तास

कॉर्बिनचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो जायबंदी झाला नाही, दरवर्षी ठरलेल्या पाळीला उभा राहिला. त्याची स्लायडर (आयत्या वेळी वळणारा चेंडू) आधीसारखी फसवी राहिली नाही आणि दुसरं हत्यार नव्हतं.

उजवा हात

स्ट्रासबर्गबद्दल थोडं नेमकं बोलू. २०१० मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (लिगामेंट नवा बसवण्याची) झाली होती. २०१२ मध्ये क्लबने त्याला १५९ इनिंगांनंतर सप्टेंबरमध्येच थांबवलं आणि त्याच्याविना सेंट लुईसकडून हार पत्करली. म्हणजे हात जपूनही पाहिला होता. २०२० मध्ये मनगटातली नस दबण्याचा त्रास निघाला, २०२१ मध्ये थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. यात कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या फटीत हाताकडे जाणाऱ्या नसा दबतात. हात बधिर होतो, चेंडूवर ताबा राहत नाही, वेग उतरतो. शस्त्रक्रियेत बरगडी काढावी लागते. फाटलेला लिगामेंट नवा बसवता येतो आणि बहुतेक पिचर परत येतात. दबलेल्या नसेचा असा भरवसा नसतो. जून २०२२ मध्ये तो मियामीविरुद्ध शेवटचा उतरला, तेव्हा वेगवान चेंडूचा वेग स्पष्ट घसरलेला होता. एका ऑक्टोबरवर सगळा दोष टाकणं मला वैद्यकीयदृष्ट्या पटत नाही. ३१ व्या वर्षी, एवढा इतिहास असलेल्या हाताला सात वर्षांचा करार देणं, चूक म्हणायची तर ती.

डगआऊट

मग कोणाला द्यायचा होता? डिसेंबर २०१९ मध्ये एकाच आठवड्यात स्ट्रासबर्गला नॅशनल्सनी सात वर्षांचे २४.५ कोटी डॉलर दिले आणि रेंडनला एंजल्सनी सात वर्षांचे तेवढेच. रेंडन तिथे एकाही हंगामात ५८ पेक्षा जास्त सामने खेळला नाही. ज्याला धरला असता तो करार बुडालाच असता.

फेअरफॅक्सकर

त्यात माझाच मुद्दा सिद्ध होतो. तिशी गाठलेल्या खेळाडूला विजेतेपदाच्या भरात दिलेला सात वर्षांचा करार बहुतेकदा बुडतो. अटलांटाने उलटं केलं. २०१९ मध्येच अकुन्याला आठ वर्षांचे १० कोटी, अल्बीजला सात वर्षांचे साडेतीन कोटी. नंतर रायली आणि स्ट्रायडरलाही लवकर बांधून घेतलं. २०२१ ला ८८ विजयांत विजेतेपद, पुढे १०१ आणि १०४ विजय. अशी जुळणी नॅशनल्सनी तेव्हा केली नाही.

निफाडकर

आणि १०१, १०४ करून मिळालं काय? दोन्ही वर्षी पहिल्याच मालिकेत फिलाडेल्फियाकडून बाहेर. २०२४ मध्ये अकुन्याचा गुडघा आणि स्ट्रायडरची कोपर गेली, २०२५ ला ७६-८६. तुमचा आदर्श संघही चार वर्षांत खाली आला.

इकडे मैदानावरचंच बोललं जातंय, पैशाचं कोणी बोलत नाही. शर्झरच्या २१ कोटींच्या करारातले साडेदहा कोटी क्लबने पुढे ढकलले होते. तो जुलै २०२१ मध्ये ट्रे टर्नरबरोबर डॉजर्सकडे गेला, तरी २०२८ पर्यंत वॉशिंग्टन त्याला दरवर्षी दीड कोटी देत राहणार. त्यात टीव्हीचे हक्क २०२५ पर्यंत मासन वाहिनीकडे होते, आणि तिची बहुतांश मालकी शेजारच्या बाल्टिमोर ऑरिओल्सची होती. हक्कांच्या पैशावरून दोन्ही क्लबांचा वाद २०२५ मध्ये मिटला. विजेतेपदानंतरच्या वर्षी तिकीटविक्री वाढते आणि तोच पैसा संघात घालायचा असतो. नॅशनल्सच्या वाट्याला ते वर्ष २०२० चं आलं: ६० सामने, रिकामं मैदान. आयपीएलमध्ये खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखी असते, इथे नुसता जादा कर भरावा लागतो. डॉजर्सचा टीव्ही करार २५ वर्षांचा, ८०० कोटी डॉलरहून मोठा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ग्लासनाऊ आणि कर्शॉ दोघेही जायबंदी होते, तरी ते जिंकले. पुढच्या वर्षीही जिंकले, तेही नॅशनल्सइतक्याच ९३ विजयांवर. यँकीजच्या १९९८-२००० नंतर लागोपाठ जिंकणारा हा पहिला संघ.

गणिताचा तास

तेही सातव्या सामन्यात, अकराव्या इनिंगला. टोरोंटोला नवव्या इनिंगमध्ये फक्त दोन आउट हवे होते. पैशाने दर ऑक्टोबरला पुन्हा फासे टाकायला मिळतात हे मान्य. पण दान पैशाने ठरत नाही.

फेअरफॅक्सकर

दरवर्षी टाकायला मिळणं हेच सातत्य! नॅशनल्सना सहा वर्षांत एकदाही मिळालं नाही.

उजवा हात

ऑगस्ट २०२२ मध्ये सोटोला सॅन दिएगोला देऊन एब्रम्स, गोर, वुड असे तरुण घेतले, हा निर्णय मी योग्य मानतो. तिघेही पुढे ऑलस्टार झाले. पण घड्याळ चालूच आहे. एब्रम्स २०२८ च्या हंगामानंतर मोकळा होईल, वुड २०३० नंतर. शर्झर-टर्नरच्या बदल्यात आलेल्या पिचर जोसाया ग्रेचं कोपर २०२४ मध्ये शस्त्रक्रियेला गेलं. फलंदाज हाताशी आहेत, पण १८० इनिंग टाकणारे दोन पिचर नाहीत, आणि २०२८ च्या आत ते उभे करायचे आहेत.

डगआऊट

आणि या वेळी मधल्या इनिंगांसाठी वेगळे चार हात ठेवा. सहाव्या-सातव्या इनिंगला स्टार्टर बोलवायची वेळच यायला नको.