अनुभव धागा: अनोळखी मोठ्या शहरात पाकीटमार, भामटे आणि आपण

मोठ्या शहरात फिरायला निघालेल्याला सगळे एकच सांगतात, जपून राहा. जपून म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. दिवसभर डोळ्यांत तेल घालून हिंडणं कुणालाच जमत नाही. संध्याकाळी पाय दुखायला लागले की लक्ष उडतंच, आणि समोरच्याला तेवढंच हवं असतं. म्हणून हा धागा. ज्यांचा कामामुळे किंवा सततच्या प्रवासामुळे या गोष्टींशी संबंध येतो त्यांनी जरूर लिहावं. ‘माझं पाकीट गेलं’ ही हकीकत नको. ते जातं कसं आणि जाऊ नये म्हणून आधी काय करून ठेवायचं, हे लिहा.

* * *

सुरुवात खिशापासून करतो. सराईत पाकीटमार शक्यतो एकटा काम करत नाही. टोळी असते आणि कामं वाटलेली असतात. एक जण तुमच्यापुढे अचानक थबकतो, सरकत्या जिन्याच्या माथ्यावर किंवा तिकिटाच्या फाटकात. तुम्ही त्याच्यावर आदळता, मागचा तुमच्यावर आदळतो, हात घालणारा बाजूला असतो आणि माल लगेच तिसऱ्याकडे जातो. म्हणूनच ज्याचा संशय येतो त्याच्याजवळ काही सापडत नाही.

मेट्रोत सगळ्यात वाईट जागा दाराजवळची. दार बंद होता होता हात मारून ते फलाटावर उतरतात आणि तुम्ही गाडीत अडकता. चढल्यावर डब्याच्या मध्यात सरका, पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

पँटचा मागचा खिसा रिकामा ठेवा. पुढच्या खिशातही पाकीट आडवं ठेवलं तर ओढताना अडकतं. एका खांद्याची पिशवी आडवी घालावी, झाकण अंगाकडे आणि चेन बंद होते ते टोक पुढे, हाताखाली. दोन चेनच्या पिशवीला दोन्ही टोकं जोडणारी छोटी कडी लावली तरी पुरे. कडी उघडता येते, पण एका हाताने आणि नकळत नाही.

पैसे तीन ठिकाणी: दिवसभराचे सुटे खिशात, एक कार्ड आणि थोड्या नोटा कपड्यांच्या आत कमरेला बांधायच्या पट्ट्यात, दुसरं कार्ड आणि पासपोर्ट खोलीवर. आतला पट्टा रस्त्यात उघडायचा नाही. एकदा उघडलात की तो कुठे आहे ते बघणाऱ्याला कळलं.

* * *

वरच्यात भर. ‘पाकीटमारांपासून सावधान’ ही पाटी दिसली की माणूस नकळत आपलं पाकीट चाचपतो. पाटीजवळ उभा असलेला कोण कुठे हात नेतो तेच बघत असतो. चाचपायचंच असेल तर भिंतीला पाठ लावून चाचपा.

दुसरं, उपाहारगृहातलं टेबल. टेबलावर फोन असतो, कुणीतरी नकाशा किंवा सह्यांचा कागद घेऊन येतो, कागद फोनवर अंथरतो, काहीतरी विचारतो आणि कागद उचलतो. फोन कागदाखालून गेलेला असतो. खुर्चीच्या पाठीला अडकवलेली बॅगही अशीच जाते. बॅग मांडीवर, नाहीतर पायाशी ठेवून तिच्या पट्ट्यात खुर्चीचा पाय.

* * *

फोनबद्दल सविस्तर लिहिते, कारण आता पाकिटापेक्षा फोन जाण्यात जास्त नुकसान आहे. दुचाकीवरून हिसकावणाऱ्यांना उघडा फोन हवा असतो, म्हणजे तुम्ही नकाशा बघत असताना हातातला. पडदा उघडा असेल तर ईमेल, संदेश, बँक, सगळं त्यांच्या हातात. त्यामुळे फुटपाथच्या कडेला, रहदारीकडे तोंड करून नकाशा बघू नका. दुकानाच्या दारात शिरा, बघा, दोन वळणं पाठ करा, फोन आत ठेवा, मग चाला. एका कानात दिशा सांगणारा आवाज चालू ठेवला तरी चालतं.

निघण्याआधी घरी बसून करायच्या गोष्टी:

सिमला पिन लावा. नाहीतर चोर तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याला मिळतात. पिन बदलताना सांभाळा. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला आठ आकडी पीयूके कोड लागतो, तोही कागदावर लिहून ठेवा.

कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणं बंद करा. तिथूनच विमान मोड चालू करता येत असेल तर तेही बंद करा, कारण चोर पहिलं काम तेच करतो, मग फोन शोधता येत नाही.

आयफोनमध्ये आयओएस १७.३ पासून (जानेवारी २०२४) ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आहे, ते चालू करा. नेहमीच्या जागेपासून दूर असताना खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट लागतं आणि वर एक तास थांबावं लागतं. नुसता पासकोड चोरून बघितलेल्याला मग खातं बळकावता येत नाही. अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये हिसका बसल्याचं ओळखून पडदा बंद करणारी सोय आहे, सेटिंगमध्ये ‘थेफ्ट’ शोधा.

*#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो कागदावर. तक्रारीत तो लागतो.

मुख्य घोटाळा होतो तो फोन गेल्यावर. दुसऱ्याच्या फोनवरून खात्यात शिरायला जाता आणि कोड येतो तुमच्याच चोरीला गेलेल्या फोनवर. म्हणून खात्याच्या सेटिंगमधून मिळणारे, एकदाच वापरायचे राखीव कोड छापून सामानात ठेवा. ॲपलचं हरवलेला फोन शोधायचं ‘फाइंड माय’ ब्राउझरमधून कोडशिवायही उघडतं, हे अनेकांना माहीत नसतं.

* * *

+१, आणि त्याच्या पुढचा टप्पा राहिला. फोन चोरीला गेल्यानंतर काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला आहे, जागा बघायला इथे लॉगिन करा’ असा संदेश येतो. तो चोराकडूनच आलेला असतो. फोन तुमच्या खात्याला जोडलेला आहे तोवर तो नव्याने सुरू होत नाही, सुटे भाग म्हणूनच विकावा लागतो. त्यांना तुमचा पासवर्ड हवा असतो. न जमल्यास विनवण्या करतात, मग धमक्या देतात. उत्तर देऊ नका आणि फोन खात्यातून काढून टाकू नका. ‘पुसा’ आणि ‘खात्यातून काढा’ ही दोन वेगळी बटणं आहेत, घाईत दुसरं दाबलं जातं.

* * *

टॅक्सी. विमानतळाच्या आत येऊन ‘टॅक्सी?’ विचारतो त्याच्याबरोबर जायचं नाही. अधिकृत रांग बाहेर असते. मीटर चालू झाल्याशिवाय दार लावू नका. ‘मीटर बिघडलाय’ म्हणाला तर उतरा, शहराच्या मध्यात गेल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

नोटेची अदलाबदल फार जुनी: तुम्ही मोठी नोट देता, चालक खाली वाकतो आणि छोटी नोट दाखवून म्हणतो, ‘तुम्ही ही दिलीत.’ रंग सारखे असलेल्या नोटांत हे हमखास चालतं. उपाय साधा आहे. नोट देताना रक्कम मोठ्याने बोला, नोट त्याच्या नजरेसमोर क्षणभर धरा, मग सोडा. आणि मोठ्या नोटा आधी दुकानात मोडून घ्या.

सामान डिकीत असेल तर आधी सामान खाली उतरवा, मग पैसे. दोघे असाल तर डिकी रिकामी होईपर्यंत एकाने गाडीत बसून राहावं.

ॲपवरच्या गाडीत नंबर जुळवा आणि ‘कोणाला न्यायला आलात?’ असं विचारा. आपणच नाव सांगितलं तर कुणीही हो म्हणेल. ‘ॲपवर रद्द करा, रोख द्या’ याला नाही म्हणा, रद्द केल्यावर त्या प्रवासाची नोंदच राहत नाही.

* * *

गोड बोलणाऱ्यांवर कुणी लिहिलं नाही अजून. हे प्रकार शहरागणिक वेगळे दिसतात, सांगाडा एकच. पॅरिसमध्ये कुणीतरी तुमच्या पायाशी ‘सोन्याची’ अंगठी सापडल्याचं दाखवतो, किंवा मनगटाला दोरा बांधून पैसे मागतो. बँकॉकमध्ये राजवाड्याबाहेर सभ्य माणूस सांगतो की आज वाडा बंद आहे, पण स्वस्तात दुसरी ठिकाणं दाखवणारी तीनचाकी आहे, आणि ती शेवटी रत्नांच्या दुकानात जाते. बीजिंग आणि शांघायमध्ये ‘इंग्रजीचा सराव करायचाय’ म्हणणारी विद्यार्थी मंडळी चहा चाखायला नेतात, बिल येतं तेव्हा डोळे पांढरे होतात.

यांचं सगळं तुमच्या थांबण्यावर चालतं. अंगठी, दोरा, फूल, काहीही हातात आलं की आपल्याला ओशाळं वाटतं, परत फेकवत नाही. त्या ओशाळेपणाचे ते पैसे घेतात. म्हणून हात खिशात, चाल न मोडता नुसतं ‘नको’. कारण सांगायचं नाही. कारण दिलं की त्यावर उत्तर तयार असतं. दोरा बांधलाच तर तिथे घासाघीस करत उभं राहू नका, चालत राहून दुकानात शिरा, तिथे कापा.

‘बंद आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकून वळू नका, तिकीटखिडकीपर्यंत जाऊन बघा. जागा त्यांनी निवडली तर नको म्हणा, तुम्ही निवडलेल्या ठिकाणी बसायला तयार होतात का बघा. आणि दर लिहिलेला कागद समोर नसेल तर काही मागवू नका.

कपड्यावर पक्ष्याची घाण किंवा सॉस पडला आणि पुसायला कुणी पुढे आला तर तोच मामला. डाग तसाच राहू द्या, खोलीवर धुवा.

* * *

नकली पोलीस. ठरलेलं नाटक असतं: आधी एक जण पैसे बदलून मागतो, लगेच साध्या वेषातले दोघे येतात, ओळखपत्र झटकन दाखवतात आणि खोट्या नोटा तपासायच्या म्हणून पाकीट मागतात. नोटा मोजून परत देतात तेव्हा काही कमी झालेल्या असतात. रस्त्यात पाकीट हातात द्यायचं नाही. ‘जवळच्या ठाण्यात चालू, तिथे दाखवतो’, एवढंच शांतपणे म्हणा, पण त्यांच्या गाडीत बसू नका. ११२ लावतो असं म्हटलं तरी बरेचदा पांगतात. हा क्रमांक भारतात आणि युरोपीय संघात चालतो, बाकीकडचा आधी बघून ठेवा. गणवेशातल्या खऱ्या पोलिसाशी मात्र हुज्जत नको.

* * *

एटीएम: शक्य असेल तर बँकेच्या आतलं, आणि बँक उघडी असताना. कार्ड घालायची खाच धरून हलवा, कीपॅडची कड नखाने उचलून बघा, वर चिकटवलेला भाग हलतो. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा कोड तयार करते, त्यामुळे तिची नक्कल होत नाही. चोरली जाते ती मागची काळी पट्टी आणि कॅमेऱ्यात टिपलेला पिन. म्हणून दुसऱ्या हाताने कीपॅड वरून झाका, बाजूने नव्हे.

कार्ड आत अडकलं आणि मागून ‘पिन परत दाबून बघा’ असा सल्ला आला, तर त्यानेच खाचेत अडकण बसवलेली असते. तुम्ही बँक शोधायला गेलात की तो कार्ड काढतो. जागेवरून हलू नका, आधीच जपून ठेवलेल्या नंबरवरून कार्ड बंद करा. यंत्रावर चिकटवलेला ‘मदत क्रमांक’ वापरू नका.

परदेशात यंत्र ‘तुमच्या चलनात घेऊ का?’ विचारतं. हा गुन्हा नाही, पण दर महाग असतो. तिथलंच चलन निवडा.

* * *

राहण्याच्या बाबतीत थोडक्यात. रात्री खोलीतला फोन वाजतो, ‘स्वागतकक्षातून बोलतोय, कार्डाचे आकडे परत सांगा.’ फोन ठेवा, खाली जाऊन विचारा. आरक्षणाच्या ॲपमध्ये हॉटेलच्याच नावाने ‘बारा तासांत कार्डाची खात्री करा’ अशी लिंक आली तरी उघडू नका, हॉटेलचं खातं कुणीतरी ताब्यात घेतलेलं असू शकतं. सार्वजनिक क्यूआर कोडवर नख फिरवा, वर दुसरा कागद चिकटवलेला असेल तर लागतो.

* * *

कुणी खोटं पाकीट बाळगा म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पाकीटमारासाठी उपयोगी, पण चाकू दाखवणाऱ्याने ते उघडून बघितलं तर भडकतो. म्हणून त्यात खऱ्या नोटा आणि मुदत संपलेलं कार्ड हवं. लुटताना मागेल ते द्या, डोळ्यांत बघू नका, आणि खिशात हात घालण्याआधी ‘पाकीट काढतोय’ असं सांगून हळू हात घाला. पाठलाग नको, साथीदार जवळच असतो.

नंतरचा क्रम: कार्ड बंद, सिम बंद, फोन कुलूपबंद, मग पोलीस. तक्रारीची प्रत हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. विमा कंपन्या ती मागतात, आणि अनेकांची मुदत २४ तासांची असते. पासपोर्ट गेला असेल तर वकिलातीतही तीच प्रत लागते. सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची छायाप्रत आणि दोन फोटो असले तर काम लवकर होतं.