संध्याकाळचे वर्ग: सीमाभागात शिकवणाऱ्यांचे आणि शिकलेल्यांचे अनुभव

बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेली नऊ वर्षं संध्याकाळी साडेसहा ते आठ मुलं बसतात. फी नाही, पगार नाही. शिकवणारे आम्ही पाचजण: एक एलआयसीतला, एक फौंड्रीतला, दोन कॉलेजच्या मुली आणि मी. असे वर्ग खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडेही चालतात हे ऐकून आहे, पण आपली एकमेकांशी गाठ पडत नाही. प्रत्येक गाव त्याच चुका पुन्हा पहिल्यापासून करतं. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल, मुलांची दहावी मात्र दरवर्षी येते. म्हणून हा धागा. ज्यांनी शिकवलं आणि जे असल्या वर्गात बसून शिकले, त्यांनी लिहावं. मूल नेमकं कुठं अडलं आणि तुम्ही काय केलंत, तेवढंच सांगा.

सुरुवात मी करतो. गावात पुढची मराठी शाळा नसली की घरात मराठी बोलणारी कितीतरी मुलं कन्नड माध्यमात जातात. सातवीतला एक मुलगा गणितात कच्चा, असं त्याच्या घरचे सांगायचे. त्याच्या पुस्तकात नफा-तोट्याचं उदाहरण होतं. व्यापाऱ्यानं 500 रुपयांची खुर्ची 450 ला विकली, तर 'नष्ट' किती? पोरगा पेन्सिल धरून गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सर, नष्ट झाली म्हणजे मोडली न्हवं? मग मोडकी खुर्ची घेतली कुणी?" कन्नडमध्ये नष्ट म्हणजे तोटा. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तोटा शब्द उच्चारला आणि दुसऱ्या क्षणाला तो "पन्नास" म्हणाला. दोन वर्षं हा मुलगा गणितात ढ म्हणून मार खात होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिंतीवर कार्डशीट लावलं. दिसायला मराठी, पण कन्नडमध्ये अर्थ वेगळा, असे शब्द. विस्तीर्ण म्हणजे क्षेत्रफळ. अनुमान म्हणजे शंका. अवसर म्हणजे घाई. संसार म्हणजे कुटुंब. मुलं शाळेतून रोज एखादा नवीन शब्द शोधून आणतात आणि आपल्या अक्षरात लिहितात. आता तिसरं शीट भरत आलंय.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, निवृत्त शिक्षिका

कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला की शाळा पलीकडे आणि मुलं अलीकडे. मी नोकरीतून मोकळी झाले तशी माहेरच्या गावी येऊन राहिले आणि देवळाच्या सभामंडपात वर्ग सुरू केला.

पहिल्या महिन्यात मी इयत्तेप्रमाणे मुलं बसवली, ते चुकलं. पाचवीतली दोन मुलं फक्त अक्षरं ओळखायची आणि तिसरीतली एक घडघडा वाचायची. मग 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरच्या पाहणीत करतात तशी साधी तपासणी केली: अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. गणिताला आकडे ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. जो जिथं थांबला त्या गटात तो बसला, इयत्ता कुठलीही असो. मोठ्या मुलांना लहानांबरोबर बसायची लाज वाटू नये म्हणून गटांना झाडांची नावं दिली. नाणा, किंजळ, जांभूळ. तीन महिन्यांत त्या दोघांपैकी एकजण उताऱ्यावर आला. दुसऱ्याला अजून वेळ लागतोय. त्याची घाई मी करणार नाही.

वेळही बदलावी लागली. आमच्याकडे अस्वलाची भीती आहे. अंधार पडल्यावर मुलांना पायवाटेनं धाडणं बरं नव्हे, म्हणून वर्ग सकाळी सातला. आणि रोप लावणीच्या पंधरवड्यात वर्ग बंद. आधी मी मुलांवर रागवायची, शेतात गेलात म्हणून. आता मीही चिखलात उतरते आणि लावणी करता करता पाढे म्हणून घेते.

चिकोडी भाग, पूर्वी साखर कारखान्यात चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा)

दिवाळीनंतर आमच्या पट्ट्यात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको पहाटे फडात आणि मुलं कोपीपाशी. साखरशाळा (ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी शाळा), हंगामी वसतिगृह ही महाराष्ट्रातली सोय. टोळी हद्द ओलांडून इकडे आली की मुलाचं नाव तिकडच्या हजेरीपटावर आणि मूल इकडच्या बांधावर. कर्नाटकात स्थलांतरितांसाठी तंबूशाळा निघाल्यात, पण आमच्या फडाजवळ एकही नव्हती.

मी आणि दोन मित्रांनी सकाळी दहाला वर्ग धरला, कारण संध्याकाळी ट्रॅक्टर भरायला सगळे लागतात. मुलगे यायचे. एक मुलगी, दहाएक वर्षांची असेल, कडेवर धाकट्या भावाला घेऊन लांब बाभळीखाली उभी राहायची. रोज उभी. ये म्हटलं की मान हलवायची. आठ दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. घरून आईचं जुनं लुगडं आणलं आणि आम्ही बसायचो तिथल्या लिंबाला झोळी बांधली. तिनं पोराला झोळीत टाकलं, एका हातात दोरी धरली, दुसऱ्या हातात पाटी. त्या हंगामात ती हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आली.

मार्चमध्ये एका रात्रीत टोळी हलली. सकाळी गेलो तर चुलीची राख आणि झोळीची दोरी. वही तिच्यासोबत गेली की नाही, ठाऊक नाही. तेव्हापासून जानेवारीतच आम्ही प्रत्येक मुलाचा एक कागद करतो: काय येतं, काय राहिलं, कुठल्या पानापर्यंत झालं. तो मुकादमाच्या हातात देतो, गावाकडच्या गुरुजींना द्या म्हणून. गेल्या साली एका गुरुजींचा फोन आला. कागद पोचला होता.

निपाणी, अशाच वर्गात शिकलेली

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं, आणि मजुरी हजार विड्यांवर. पंचवीसचं एक बंडल, चाळीस बंडलं झाली की हजार. माझा पंचवीसचा पाढा शाळेत जायच्या आधी पाठ होता. गल्लीतल्या अक्कानं वर्ग काढला तेव्हा तिनं हेच धरलं. ती म्हणाली, "तुला गुणाकार येतोय की, फक्त लिहिता येईना झालाय."

मी पीयूसी (इकडची बारावी) करून आता नोकरी करते आणि रविवारी आठवीच्या मुलांची एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी घेते. पास होऊन निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. विडी वळणाऱ्या घरात त्या पैशावर मुलीची शाळा टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण लिहायचंय ते दुसरंच. आमची एक मुलगी परीक्षा पास झाली आणि पैसे आले नाहीत. शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. मराठी आडनाव कन्नडमध्ये लिहिलं, तिथून इंग्रजीत गेलं, आणि दर ठिकाणी एक अक्षर बदललं. ती दहावीनंतर थांबली. मी तिला वाचवू शकले नाही. म्हणून आता सातवीतच सगळ्यांची कागदं जमिनीवर मांडून अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नाडकचेरीत (इथलं महसूल कार्यालय) आईबापांबरोबर आमच्यातलं एक कुणीतरी जातं, कारण अर्ज कन्नडमध्ये असतो. नवीन वर्ग काढणाऱ्यांनी शिकवण्याआधी हे काम हातात घ्यावं, असं मी मनापासून सांगते.

हुक्केरी तालुका, घरी कन्नड बोलणारा

माझं मराठी थोडं वाकडं असेल, सांभाळून घ्या. मी मराठी मुलांना कन्नड शिकवतो. जोडाक्षरात ती फसतात. कन्नडमध्ये दुसरं अक्षर खाली लिहितात आणि मात्रा वरच्या अक्षराला लागते. म्हणून 'स्नेह' शब्द ती 'सेनह' असा वाचतात. आणि आमच्यात ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. मराठीत तो फरक लिहीत नाहीत. हे मराठीतून समजावलं की अर्ध्या तासात कळतं. फक्त कन्नडमधून सांगितलं तर वर्ष जातं. काही लोकांनी मला विचारलं, तू त्यांना कशाला शिकवतोस? मुलं आहेत म्हणून.

मूळ येळ्ळूर, आता पुण्यात

पहिल्या वर्षी आम्ही मित्रांनी चाळीस दप्तरं वाटली, फोटो काढले आणि परत आलो. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा एका मुलानं विचारलं, "तुम्ही शिकवायला येणार म्हणालता की." मी खरंच तसं म्हणालो होतो. ते शब्द मला फार लागले.

आता मी दप्तरं नेत नाही. बुधवारी आणि शनिवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल, गणित, चार मुलं. दोन वर्षांत सहा वेळा चुकलं असेल. 2024 मध्ये कर्नाटकात दहावीच्या एका वर्षात तीन परीक्षा सुरू झाल्या. आमचा एकजण पहिल्या परीक्षेत गणितात नापास झाला. घरचे त्याला गवंड्याच्या हाताखाली लावणार होते. दुसरी परीक्षा आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांशी मी दोनदा फोनवर बोललो, मग आम्ही रोज तासभर बसलो. तो दुसऱ्या परीक्षेत सुटला.

खानापूर तालुका, आई सांगते, मुलगी लिहिते

मला लिहाय येत नाही. देवळातल्या बाईंच्या वर्गाला माझी पोरगी जाते, वर लिहिलंय त्याच त्या. एसटीवरचे बोर्ड कन्नडमध्ये असतात. मी कायम कुणाला तरी विचारायची, खानापूरची हीच काय ओ? एकदा चुकीच्या गाडीत बसले नि रात्र बाहेर काढली. पोरीनं चुलीपुढं राखेत बोटानं मला अक्षरं काढून दाखवली. खा, ना, पू, र. महिनाभर रोज काढून घेतली. परवा बेळगावच्या स्टँडवर एकटी होते. गर्दी होती. बोर्ड वाचला नि चढले.