पासपोर्टची मुदत एप्रिलपर्यंत, तरी बाबांना नोव्हेंबरातच परत पाठवलं. चूक कोणाची?

वाडीवाला

मागच्या आठवड्यात मुंबई विमानतळावर जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे टाकतोय. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यानिमित्त सगळे बालीला निघालो होतो. आई, बाबा, मी, बायको आणि सहा वर्षांची लेक. ११ नोव्हेंबरची रात्रीची फ्लाइट. नागपूरहून दुपारीच मुंबईत पोचलो, चिवड्याचे दोन डबे चेक-इनच्या बॅगेत, सगळं व्यवस्थित.

काउंटरवरच्या मुलीने चार पासपोर्ट भराभर पाहिले आणि पाचव्यावर थांबली. मग डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत पुटपुटायला लागली: डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. अंगठा तिथेच थांबला. बाबांच्या पासपोर्टची मुदत ३ एप्रिल २०२६. "सर, इंडोनेशियात पोचाल त्या दिवसापासून सहा महिने मुदत लागते. यांना बोर्डिंग पास देता येणार नाही."

मी भांडलो. मागची रांग वैतागली. बाबा एक शब्द बोलले नाहीत. आईच्या पर्समधून स्वतःच्या बीपीच्या गोळ्या तेवढ्या काढून घेतल्या आणि म्हणाले, तुम्ही जा. रात्र खुर्चीत काढली आणि दुसऱ्या दिवशीच्या विदर्भ एक्स्प्रेसने एकटे घरी आले. तिकडे आई पाच दिवस प्रत्येक देवळापुढे "ह्यांना हे आवडलं असतं" म्हणत फिरली.

माझं म्हणणं असं. पासपोर्टवर ३ एप्रिल लिहिलंय म्हणजे तो ३ एप्रिलपर्यंत चालला पाहिजे. दहा वर्षांचे दीड हजार भरायचे आणि वापरायला मिळणार साडेनऊ वर्षं, हा कुठला हिशोब? दुसरं, एजंटने ऑगस्टमध्येच पाचही पासपोर्टच्या फोटोच्या पानांचे फोटो मागवले होते. तारीख त्याच पानावर असते. मला मेसेज काय, तर "व्हिसा तिथेच मिळतो, नो टेन्शन". आता म्हणतो, नियम बघणं प्रवाशाचं काम. माझ्या मते चूक नियमाची आणि एजंटची. बाबांची अजिबात नाही.

त्रिमूर्तीनगर

वाईट वाटलं, पण स्पष्ट बोलतो. चूक तुमची आहे. बाबांची नाही, तुमची. पाच लाखांच्या घरातली सहल काढता आणि पासपोर्टवरची तारीख बघत नाही? गॅस सिलिंडरची तारीख बघतो आपण.

"व्हिसा तिथेच मिळतो" याचा अर्थ लोक "कागद लागत नाहीत" असा घेतात. तसं नसतं. बालीला पोचल्यावर ५ लाख रुपिया भरून तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, हे खरं. (आकडा ऐकून घाबरू नका, आपले तीन हजारांच्या आसपास.) पण पासपोर्टला सहा महिने ही त्याची अटच आहे. आम्ही घरूनच ई-व्हिसा काढला. फॉर्ममध्ये पासपोर्टची मुदत भरावी लागते, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडतो. तुम्ही सगळं विमानतळावर ठेवलंत, प्रकाशही तिथेच पडला.

काउंटरपलीकडचा

नऊ वर्षं एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर काढली, आता नागपुरात परत आलोय. त्या मुलीची बाजू कोणी मांडणार नाही, म्हणून मी मांडतो.

आमच्यापुढे टायमॅटिक नावाची प्रणाली असते. प्रवाशाचं नागरिकत्व, कुठे चाललाय, मुदत कधी संपते एवढं भरलं की त्या देशाचा नियम समोर येतो. तिथे नाही आलं की नाही. तिचं मत, तुमचं वय, लग्नाचा वाढदिवस, काही चालत नाही. कारण अपुऱ्या कागदांवर माणूस नेला तर दंड कंपनीला, आणि त्याला परत आणायची जबाबदारीही कंपनीचीच. १९४४ च्या शिकागो कराराचं नववं परिशिष्ट आहे, त्यात विमान कंपनीवर ही जबाबदारी टाकलेली आहे. आपल्याकडेही २००० साली कायदा झाला तेव्हा अशा प्रत्येक प्रवाशामागे कंपनीला एक लाख रुपये दंड ठेवला होता.

आता उलटं समजा. तिने दया दाखवून बाबांना सोडलं असतं. देनपसारला, म्हणजे बालीच्या विमानतळावर, इमिग्रेशनने अडवलं असतं, एका खोलीत बसवून ठेवलं असतं आणि मिळेल त्या विमानाने परत पाठवलं असतं. सत्तरीच्या माणसाला मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस परवडली की ते?

वाडीवाला

त्या मुलीला मी दोष दिलेला नाही, भांडलो त्याची लाजच वाटते. (बाबा सदुसष्टचे आहेत, सत्तरी म्हटलेलं कळलं तर रागावतील.) मी नियमाबद्दल बोलतोय. सगळीकडे सहा महिने असते तर गप्प बसलो असतो. पण अमेरिका ज्या देशांच्या लोकांना सहा महिन्यांच्या अटीतून सूट देते त्या यादीत भारत आहे, तिथे राहायचे दिवस भागले की झालं. नेपाळला तर विमानाने जायला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. म्हणजे सहा महिने हा काही सृष्टीचा नियम नाही. ज्याला वाटलं त्याने ठेवला.

निवृत्त भूगोल

ज्याला वाटलं त्याने ठेवला, बरोबर. त्यांचं घर, त्यांचा उंबरठा. परदेशी पर्यटक भारताचा ई-व्हिसा काढतो तेव्हा आपणही त्याच्याकडून सहा महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पानं मागतोच. तेव्हा आपल्यापैकी कोणाला वाईट वाटलेलं मी तरी ऐकलं नाही.

कारणही समजून घ्या. माणूस तिकडे जाऊन आजारी पडला, अपघात झाला, विमानं बंद पडली, तर मुक्काम लांबतो. २०२० मध्ये किती लोक कुठे कुठे अडकले होते, आठवा. पासपोर्ट तिकडेच संपला तर त्या देशाला त्याला परत पाठवणंही अवघड. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशोब आणखी वेगळा: तिथून निघायच्या दिवसानंतर तीन महिने मुदत हवी, शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला असावा. म्हणजे नुसतं "सहा महिने" पाठ करून भागत नाही, देशागणिक बघावं लागतं.

साडेनऊ वर्षांचं म्हणाल, तर मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नवा पासपोर्ट काढता येतो. तुमच्या बाबांना एप्रिल २०२५ पासून ती सोय होती.

बुटीबोरीचा भाऊ

गुरुजी, नियम बरोबर असन. पण मंग एजंटले पैसे कायले देल्ले? सामान उचलाले?

माह्या साळ्याचा किस्सा सांगतो. त्याच्या पोरानं पासपोर्टवरच्या फोटोले बॉलपेननं मस्त मिशा काढल्या. साळा म्हणे, चालते बे, मिशाच तं आहे. एजंटनं फोटो पाहून रातच्यालेच फोन केला, का बाप्पा हे नाही चालत, असा पासपोर्ट घेऊन गेला तं तिकडून परत पाठवतीन. खराब झाला म्हणून नवा काढाले लावला. तत्काळचे दोन हजार जास्तीचे गेले, पण ट्रिप वाचली. एजंट असा असते. ज्याले मिशा दिसल्या त्याले तारीख दिसली असती का नाही? वाडीवाल्या भाऊच्या एजंटनं फोटो मांगवले कायले, डीपी ठेवाले?

इतवारीची सून

भाऊ, मिशांवर हसून हसून पोट दुखलं. पण माझा अनुभव उलटा आहे.

माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. लग्नानंतर बदललाच पाहिजे असं काही नसतं, म्हणून बदलला नाही. एजंटला पासपोर्टचा फोटो पाठवलेला होता, तरी त्याने तिकीट काढलं सासरच्या नावाने. का? तर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझं नाव तसं आहे! मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हा घोळ आपल्याकडच्या अर्ध्या बायकांचा आहे. आधारवर एक, पासपोर्टवर एक, बँकेत तिसरंच. विमानवाल्यांना फक्त पासपोर्टवरचं कळतं. रात्री साडेअकराला सहज तिकीट उघडून पाहिलं म्हणून सापडलं, दुरुस्तीचे पैसे वर गेले ते वेगळेच. तेव्हापासून एजंट कितीही चांगला असो, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि मुदत मी स्वतः बोट ठेवून वाचते. सासूबाई म्हणतात, परीक्षेला बसल्यासारखी काय वाचतेस.

मला वाटतं चूक दोघांची. पण भोगायचं प्रवाशालाच असतं, एजंट त्या दिवशी त्याच्या घरी झोपलेला असतो.

सिव्हिल लाइन्स

भावना बाजूला. एजंटने पैसे घेऊन सेवा दिली, त्यात कसूर झाली असं तुमचं म्हणणं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जा. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. "नो टेन्शन"चा मेसेज, पासपोर्टचे फोटो पाठवल्याची तारीख, पावती, सगळं जपून ठेवा. फोन बदलताना चॅट उडवू नका, निम्म्या तक्रारी तिथेच मरतात.

त्रिमूर्तीनगर

वकीलसाहेब, एक विचारा यांना. एजंटने सहलीचा पीडीएफ दिला असेलच. त्यात "पासपोर्ट सहा महिने वैध असावा" ही ओळ होती की नाही?

वाडीवाला

खोटं बोलणार नाही. काल रात्री उघडून पाहिला. सातव्या पानावर, जेवणात काय काय धरलेलं नाही त्या यादीच्या खाली, इंग्रजीत, बारीक अक्षरात एक ओळ आहे. मी तिसऱ्या पानावरच्या हॉटेलच्या फोटोंपुढे गेलोच नव्हतो.

तरी माझा मुद्दा राहतोच. सातव्या पानावर ओळ छापणं वेगळं आणि तारीख समोर दिसत असताना एक फोन करणं वेगळं. बुटीबोरीच्या एजंटने तो केला.

त्रिमूर्तीनगर

हे मान्य. माणुसकीचा फोन करायला हवा होता. पण कायद्यात माणुसकीला किती मार्क मिळतात ते साहेबच सांगतील.

सिव्हिल लाइन्स

ती ओळ तुमची बाजू कमजोर करते, संपवत नाही. तो म्हणेल, मी कळवलं होतं. तुम्ही म्हणा, मुदत तुझ्या हातात होती आणि तू "नो टेन्शन" लिहिलंस. नुसत्या पीडीएफपेक्षा तो मेसेज जास्त बोलतो.

काउंटरपलीकडचा

विषय निघालाच आहे तर, बाबांचा नवा काढाल तो बहुतेक चिपवाला येईल. १ एप्रिल २०२४ ला ई-पासपोर्टचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला त्यात आपलं नागपूर पहिल्यांमध्ये होतं, भुवनेश्वरबरोबर. पुस्तिका नाशिकलाच छापतात. मुखपृष्ठावर सोनेरी खूण असते. मात्र चिप असो नसो, सहा महिने तेच.

बुटीबोरीचा भाऊ

चिपमंदी अलार्म टाकाले पायजे होता सरकारनं. पाचशे रुपये जास्तीचे देऊ, पण कपाटात वाजला पायजे.

इतवारीची सून

पासपोर्ट काढताना दिलेला मोबाइल नंबर चालू ठेवा, मला मुदत संपत आल्याचा मेसेज आला होता. अर्थात दहा वर्षांपूर्वीचा नंबर बाबांकडे असेल तर.

वाडीवाला

नाही ना. २०१६ मध्ये ताईच्या बाळंतपणाला दुबईला जायचं म्हणून घाईत काढला होता, नंबर जावयाचा दिलेला. मेसेज आला असेल तर भावजींना, आणि ते स्पॅम समजून पुसून मोकळे झाले असतील.

काल बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. मिशांच्या किश्श्यावर हसले. नंतर म्हणाले, "काउंटरवरच्या पोरीने महिने पेरांवर मोजले, मला घरी बसून मोजता आले नसते?" तिथून परत आल्यावर चौथ्या दिवशी ते बँकेत जाऊन पेन्शनसाठी हयातीचा दाखला देऊन आलेत, दरवर्षी नोव्हेंबरात देतात तसा, एकदाही उशीर नाही. त्यामुळे हे त्यांना जास्तच लागलंय. मी सांगितलं, तुमची चूक नाही. ते ऐकत नाहीत.

नव्या पासपोर्टचा अर्ज भरलाय, पुढच्या मंगळवारची वेळ मिळालीय. मोबाइल नंबर या वेळी त्यांचा स्वतःचा. तक्रारीचा मसुदाही केलाय, पण ती एजंटच्या विरोधात त्यांच्या नावाने करायची तर सही त्यांची लागणार. कागद दोन दिवसांपासून टीव्हीजवळ ठेवलाय, वर पेन ठेवलंय. ते पेन उचलतात, शब्दकोडं सोडवतात आणि परत तिथेच ठेवतात.