वाघ्याच्या सांध्यांना गोळ्या, की आपल्या मनाला?

खाडीकाठ
आमचा वाघ्या तेरा वर्षांचा, गावठी कुत्रा. मुक्काम रत्नागिरीजवळ. पावसाची झड लागली की मागचे पाय आखडतात. पडवीला चिऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. दुसरीवर थांबतो आणि वळून आमच्याकडे बघतो. फेब्रुवारीपासून ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या, म्हणजे सांध्यांसाठी विकतात त्या पूरक गोळ्या चालू आहेत, महिन्याला साडेआठशे. मार्चमध्ये "काय फरक पडलाय!" म्हणून मीच गावभर सांगत होतो. जून आला आणि वाघ्या परत दुसऱ्या पायरीवर. मग ट्यूब पेटली, उन्हाळ्यात तो तसाही बरा असतो.

माझं मत सरळ आहे, हे पैसे पाण्यात. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली अशा पूरक गोळ्या-पावडरींच्या चाचण्या एकत्र तपासल्या. ओमेगा-३ चा, म्हणजे माशाच्या तेलातल्या स्निग्धाचा, उपयोग होतो याला पुरावा सापडला. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन दुखण्यासाठी देऊच नये, असा निष्कर्ष निघाला. तरी दुकानात हाच डबा सगळ्यात पुढे का?

माडाखालची
दादा, इतकं एका फटक्यात मोडीत काढू नका. माझी लॅब्राडोर अकरा वर्षांची. मध्ये डबा संपला, पंधरा दिवसांत लंगडायला लागली. मी डोळ्यांनी बघितलंय. आणि दुखण्याचं खरं औषध कायम द्यायचं तर मूत्रपिंड आणि यकृतासाठी रक्त तपासत राहावं लागतं. आमच्याकडून त्यासाठी दोन तास गाडी. गोळीने अपाय तर होत नाही ना?

खाडीकाठ
ताई, मीही डोळ्यांनीच बघितलं होतं, मार्चमध्ये! लंगड्या कुत्र्यांना औषध नसलेली गोळी दिली, तर निम्म्याहून अधिक वेळा मालक "बरा आहे" म्हणतात. पाय किती जोराने टेकतो हे यंत्रावर मोजलं की सुधारणा दिसत नाही. कुत्रं काही मनाची समजूत घालत नाही, घालतो आपण. शिवाय सांधेदुखी वरखाली होतच असते, आणि नवा डबा आपण दुखणं वर असतानाच आणतो.

कंपाउंडर
जनावरांच्या दवाखान्यात औषधं देतो, म्हणून बोलतो. "अपाय नाही" हे अर्धंच खरं. डब्यावर विसंबून लोक सहा महिने काढतात, मग सहन होईना की घरातली माणसांची गोळी देतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन कुत्र्याला नाही म्हणजे नाही. मांजराला पॅरासिटामॉल तर विष, एका गोळीत जीव जातो. गेल्या पावसात असं एक मांजर टेबलावर आलं, हिरड्या तपकिरी, तोंड सुजलेलं. घरच्यांनी मायेनेच दिली होती.

मांजराचं तर दुखणंच कळत नाही. ते लंगडत नाही, माळ्यावर जायचं सोडून देतं. आपण म्हणतो म्हातारं झालं, उंदीर सोडले. नखं वाढून वळलेली आणि पाठीचे केस गुठळलेले दिसले तर सांध्यांकडे बघा. बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वदांत सांध्यांची झीज दिसली होती.

बाकी ताई, तुमच्या लॅब्राडोरचं वजन किती?

माडाखालची
असेल चौतीस-पस्तीस. सकाळी घावनाचा तुकडा, दुपारी भात, चहासोबत बिस्कीट. आता म्हाताऱ्या जिवाला उपाशी ठेवू काय?

तांबडी माती
आमच्या कुत्र्याक गोळयो बिळयो नाय. पावसात कोरड्या गोणपाटार झोपवतंव, निगडीचो पालो तव्यार गरम करून शेकतंव. चलता. पण एक सांगा, त्या म्हागातल्या डब्यार हिरव्या शिंपल्याची पावडर लिवलेली आसता. मगे आमचे शिनाणे काय वायट?

खाडीकाठ
वायट कशाला! पण डब्यातला शिंपला न्यूझीलंडचा, आपला शिनाणा त्याचा चुलतभाऊ. चाचण्या झाल्या त्या तिकडच्याच्या पावडरीवर. त्यापेक्षा बांगडा, तारली घाला, ओमेगा-३ तिथेच आहे. पाऊस सरल्यावरचा मासा तेलकटही असतो. बिनमिठाचा उकडून, काटे काढून. खारवलेला मात्र नको.

कंपाउंडर
मासा चांगलाच, पण सांध्यांसाठी तेल बऱ्यापैकी लागतं आणि बांगड्यात किती गेलं ते मोजता येत नाही. जून-जुलैत बंदी, नेमकं पाय दुखतात तेव्हाच मासा नाही. तेव्हा माशाच्या तेलाची कॅप्सूल, वजनाप्रमाणे विचारून. कॉड लिव्हर नको, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व साठत जातं.

आणि ताई, उपाशी कोण ठेवा म्हणतंय? अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी घातलं, जन्मभर. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. आणि कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा धरले. वजन उतरवायला डबा लागत नाही.

माडाखालची
रेशनच्या दुकानात तांदूळ मोजतात त्या काट्यावर उभी केली. दुकानदार हसत होता. एकेचाळीस भरली. बिस्कीट आजपासून बंद. गोळ्या मात्र चालू राहतील, डबा अर्धा उरलाय आणि तो मी टाकणार नाही.

खाडीकाठ
माझ्याकडचाही उरलाय. हवा तर पाठवतो.