मदत हवी आहे : शेवेवर ५ टक्के, पाकिटाच्या रोलवर १८ टक्के

सर्वांना नमस्कार. इंदूरला आमचा शेव-फरसाणाचा छोटा कारखाना आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, याचा आनंदच आहे. मात्र लसणी शेव ज्या छापील प्लास्टिकच्या रोलमधून पाकिटांत भरतो, त्यावर अजूनही १८ टक्के कर द्यावा लागत असल्याने आमच्या खात्यात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला, विक्रीवरील करातून वळता करता येणारा कर) दर महिन्याला साठत चालले आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ५४(३) नुसार अशा क्रेडिटचा परतावा मागता येतो, परंतु दर बदलण्यापूर्वीची शिल्लक त्यात धरावी का? ज्यांनी स्वतः आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज भरला आहे, त्यांनी कृपया कळवावे. बाबांचे खेळते भांडवल त्यात अडकून पडले आहे.