मदत हवी आहे : गाडी खाली केल्यावर मागचे टायर मडगार्डला घासतात

नमस्कार मंडळी,

माझ्या हॅचबॅकला ३५ मिमी खाली बसणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग आणि १७ इंची अलॉय लावलेत. एकटा असलो की मागून आवाज नाही. मागे दोघं-तिघं बसली आणि गतिरोधक आला की घर्रकन घासतं. पुढे वेगळाच प्रकार आहे, स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतलं की लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) खरवडल्यासारखं ऐकू येतं.

आधी १८५/६५ आर१५ टायर (रुंदी मिमीत, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचात), ६ इंच रुंद रिम, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून चाक जिथे बोल्टने बसतं त्या पृष्ठभागाचं अंतर, मिमीत) ४५. आता २०५/५० आर१७, ७ इंच रिम, ऑफसेट ३५. चाक काढून पाहिलं तर मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल रेघ आहे आणि मडगार्डची आत दुमडलेली कड घासून चकचकीत झालीय. शॉक अब्सॉर्बरच्या बाजूला खूण नाही.

एका गॅरेजमध्ये स्पेसर (चाकामागे बसणारी चकती) लावायला सांगतात, पण त्याने चाक अजून बाहेर येईल ना? दुसरीकडे कड हातोडीने ठोकून देतो म्हणाले, त्यात रंग उडण्याची धास्ती वाटते. गाडी परत उंच करायची मनापासून इच्छा नाही. आधी काय करावं?

प्रतिसाद १

स्पेसर अजिबात नको, तुमची शंका बरोबर आहे. ऑफसेट १० ने कमी झाला म्हणजे चाक १० मिमी बाहेर आलं, रिम एक इंच रुंद झाली त्याचे आणखी साडेबारा. बाहेरची कड साधारण २३ मिमी पुढे आलीय. शिवाय या टायरचा व्यास जुन्यापेक्षा १५ मिमीने मोठा आहे. खाली केलेल्या गाडीत तेवढी जागा कुठून येणार?

२०५/४५ आर१७ घ्या. व्यास ६१६ मिमीच्या आसपास येतो, मूळ टायरचा ६२१ होता, म्हणजे स्पीडोमीटरही फारसा हलत नाही. पुढचं घासणंही यानेच बहुधा थांबेल. फक्त लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघा. जुन्या टायरवर ८८ असेल तर ८४ चा घेऊ नका, याच मापात ८८ चा मिळतो.

प्रतिसाद २

टायर बदलण्याआधी एक तपासणी करा. मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवा, स्प्रिंग काढा आणि जॅकने चाक हळूहळू वर न्या, बंप स्टॉप (चाक फार वर जाऊ नये म्हणून असलेला रबरी अडसर) टेकेपर्यंत. कड नेमकी कुठे आणि किती लागते ते डोळ्यांनी दिसतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. बंप स्टॉप झिजला असेल किंवा स्प्रिंग बसवताना कापला असेल तर चाक गरजेपेक्षा वर जातं, तो आधी बदला.

कड दुमडायचीच तर हातोडीने नको. हबवर (चाक बसतं त्या भागावर) बसणारं रोलर यंत्र असतं. हीट गनने रंग कोमट करून थोडं थोडं दाबत गेलं की तडे जाण्याची शक्यता खूप कमी होते. नंतर कडेच्या आत गंजरोधक लावा, कारण तिथलं सील तुटलेलं असू शकतं.

आणि स्प्रिंग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट केलंय का? गाडी खाली आली की टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, टायर आतून खाल्ले जातात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. अलाइनमेंट राहिलंय, बंप स्टॉपही बघितला नाही. आधी स्प्रिंग काढून तपासतो, मग टायर. एक विचारायचं राहिलं, २०५/४५ चा टायर लावूनही कड लागलीच तर ऑफसेट ४५ ची रिम घेणं बरं की रोलर यंत्राने कड दुमडणं?