स्कॉटलंडचे गणिती आणि तिथली विद्यापीठे

प्रश्न – शून्यलब्धी

नमस्कार. पदवीच्या पहिल्या वर्षाला मॅक्लॉरिन श्रेणी (फलन अनंत पदांच्या बेरजेच्या रूपात मांडण्याची रीत) शिकवताना दर वर्षी एक विचार मनात येतो. लॉग टेबलमागचा नेपियर, आर्कटॅनच्या (टॅनच्या व्यस्त फलनाच्या) श्रेणीचा ग्रेगरी, स्वतः मॅक्लॉरिन आणि समांतर रेषांचे गृहीतक ज्याच्या नावाने ओळखले जाते तो प्लेफेअर, हे चौघेही स्कॉटलंडचे. एवढ्याशा देशात हे कसे घडले? याचे श्रेय तिथल्या विद्यापीठांना द्यावे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर – जुनी वही

श्रेय द्यावे, पण हात राखून. नेपियरला तर आधीच वगळावे लागेल. १५६३ मध्ये, तेराव्या वर्षी, तो सेंट अँड्र्यूजला दाखल झाला खरा, पण तिथून त्याने पदवी घेतली नाही. १६१४ मध्ये लॉगरिदमचे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा तो आपल्या जमीनजुमल्याचा कारभार पाहणारा गृहस्थ होता, कोणत्याही विद्यापीठाचा अध्यापक नव्हता.

त्यानंतरच्यांची गोष्ट वेगळी आहे. सेंट अँड्र्यूज (१४१३), ग्लासगो (१४५१), अ‍ॅबर्डीनचे किंग्ज कॉलेज (१४९५), एडिंबरा (१५८३) आणि पुन्हा अ‍ॅबर्डीनमध्येच मारिशल कॉलेज (१५९३), अशा पाच संस्था तिथे होत्या. अठराव्या शतकात साऱ्या इंग्लंडमध्ये दोनच विद्यापीठे होती, म्हणजे एकट्या अ‍ॅबर्डीन शहरात होती तितकीच! साहजिकच गणित शिकवून पोट भरण्याच्या जागा तिथे लोकसंख्येच्या मानाने बऱ्याच होत्या.

जागा मिळाली म्हणजे सुख लाभले असे मात्र नाही. जेम्स ग्रेगरी १६६८ मध्ये सेंट अँड्र्यूजला गणिताचा प्राध्यापक झाला. ग्रंथालयाच्या दालनात त्याने आखलेली मध्यान्हरेषा (उत्तर-दक्षिण रेषा) लाकडी जमिनीत आजही दिसते. त्याने वेधशाळेसाठी अ‍ॅबर्डीनच्या चर्चच्या दारात वर्गणी गोळा केली, तरी सहकाऱ्यांचा रोष ओढवला आणि पगारही अडवला गेला. कंटाळून १६७४ मध्ये तो एडिंबराला गेला. पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांना दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह दाखवत असताना त्याची दृष्टी अकस्मात गेली आणि थोड्याच दिवसांत, छत्तिसाव्या वर्षी, तो वारला.

उत्तर – अपूर्णांक

वरील उत्तरात एक भर घालतो. आर्कटॅनची श्रेणी ग्रेगरीने १६७१ मध्ये पत्रातून कळवली हे खरे, परंतु केरळातील गणिती माधवाच्या परंपरेला ती त्याआधीच ठाऊक होती. मॅक्लॉरिन श्रेणीचेही तसेच. ती इंग्लिश गणिती टेलरच्या श्रेणीचे विशेष रूप आहे आणि मॅक्लॉरिनने १७४२ च्या आपल्या ग्रंथात टेलरचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. नावे ज्यांची पडली तेच पहिले, असे गणितात क्वचितच असते.

मॅक्लॉरिन अकराव्या वर्षी ग्लासगोला विद्यार्थी होता आणि एकोणिसाव्या वर्षी मारिशल कॉलेजात प्राध्यापक! तिथून तो एका सरदारपुत्राचा शिक्षक म्हणून रीतसर रजा न घेताच फ्रान्सला निघून गेला (आजच्या प्राचार्यांनी हे वाचू नये). एडिंबराला १७२५ मध्ये त्याची नेमणूक होताना आधीचे आजारी प्राध्यापक पदावर असल्याने दोघांच्या वेतनाची अडचण होती. ती सुटावी म्हणून न्यूटनने पदरचे वर्षाला २० पौंड देऊ केले.

मला वाटते, खरे कारण या कोवळ्या वयातच आहे. बारा-चौदा वर्षांची मुले वर्गात येत आणि वर्गाची फी थेट प्राध्यापकाच्या हाती देत. त्यामुळे जो विषय सोपा करून सांगेल त्याचाच वर्ग भरे. प्लेफेअरने १७९५ मध्ये युक्लिडच्या भूमितीची जी आवृत्ती काढली तिच्यात समांतर रेषांविषयीचे आडवळणाचे पाचवे गृहीतक बाजूला ठेवून सुटसुटीत पर्याय दिला, तो याच शिकवण्याच्या गरजेतून आला असावा.

उत्तर – जुनी वही

अपूर्णांक यांचे म्हणणे पटले, आणि त्याची दुसरी बाजू स्कॉटलंडचाच भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने भोगली. १८६० मध्ये अ‍ॅबर्डीनची दोन्ही कॉलेजे एकत्र आली, तेव्हा भौतिकशास्त्राच्या दोन प्राध्यापकांपैकी एकच ठेवायचा होता आणि मॅक्सवेलची जागा गेली; सासरे मारिशलचे प्राचार्य असूनही! मग त्याने एडिंबरासाठी अर्ज केला. तिथे त्याचाच शाळासोबती टेट निवडला गेला, कारण फारशी तयारी नसलेल्या मुलांना समजेल असे शिकवण्याची हातोटी टेटकडे अधिक आहे, असे मानले गेले. मॅक्सवेलला लंडनच्या किंग्ज कॉलेजात जावे लागले आणि विद्युतचुंबकत्वावरचे त्याचे मोठे काम तिथे असतानाच झाले.